चौकटीवरच्या पेन्सिलच्या रेघा

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. थोडक्यात ते असं: 'ताई, आत्याचं घर आता आमच्याकडे आलंय. नव्वद वर्षांचं आहे. जाड भिंती, खोल खिडक्या, कडीपाटाचं छत, त्याला कुणीतरी कधीतरी हिरवा ऑईलपेंट फासलेला. मधली खोली दिवसाही अंधारी. नक्षीच्या फरश्यांपैकी चार फुटल्यात, एका भिंतीला कंबरेएवढी ओल आहे. ह्यांचं म्हणणं, सिमेंटचा गिलावा करून वर फॉल्स सीलिंग मारू, एकदाचं सगळं सपाट होईल. मला मात्र घराचा जुनेपणा जपायचाय. पितळी दिवे, नक्षीचा आरसा, जुन्या धाटणीचं झुंबर, दोन कोरीव खुर्च्या अशी यादीही केलीय. नणंद म्हणते, संग्रहालय करून ठेवू नकोस. आत्याचं शिलाई मशीन, काकांची सुतारकामाची पेटी, फोटो आणि पत्रांची ट्रंक घरातच आहे. मागच्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा आहेत. रंगारी सोमवारपासून येतोय, तिथे लांबी (पुट्टी) भरून रंग मारू का असं विचारतोय. घर आमचं वाटावं आणि त्याचं रूपही राहावं, असं काय करू?'

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा घरासाठी, दुसऱ्यांदा यादीसाठी, आणि तिसऱ्यांदा एक गोष्ट खटकली म्हणून. ती शेवटाकडे सांगते. आधी भिंतीचं बघू, कारण तिथे घाई केलीत तर पुढची सगळी सजावट वर्षभरात पोपड्यांसकट खाली येईल.

तुमच्या ह्यांचं म्हणणं मला समजतं. खडबडीत, ओलसर भिंत रोज डोळ्यांसमोर असली की सपाट पांढऱ्या भिंतीचा मोह होतोच. पण नव्वद वर्षांपूर्वीच्या जाड भिंती बहुतेक वेळा चुन्यात बांधलेल्या असतात, आणि चुन्याच्या भिंतीचा स्वभाव वेगळा असतो. ती ओल शोषते आणि हवेत सोडून देते. वर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवला की बाहेर पडायची वाट बुजते. ओल आतच अडकते, मग ती वर सरकते किंवा विटेतले क्षार घेऊन रंगामागे साचते. आपण म्हणतो 'भिंतीला लोणा लागला'. पुष्कळदा तो लोणा नव्या गिलाव्यामुळेच आणखी वर चढलेला असतो. सिमेंट कडक, चुना मऊ. भिंत उन्हापावसात किंचित हलते तेव्हा मऊ गिलावा तिच्याबरोबर हलतो, कडक गिलावा तडकतो आणि सुटताना जुन्या विटेचा पापुद्राही ओढून नेतो.

म्हणून सोमवारी रंगाऱ्याच्या आधी एखाद्या जाणत्या गवंड्याला बोलवा, चुन्याचं काम केलेला मिळाला तर उत्तम. तोवर तुम्ही स्वतः एक साधी तपासणी करू शकता. ओल्या भागावर वीतभर रुंदीचा अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती हवेतली वाफ थंड भिंतीवर बसतेय. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. वाफेला खिडक्या उघडून वारा खेळता ठेवणं पुरतं. भिंतीतली ओल असेल तर घराबाहेर जाऊन बघा. पन्हळ फुटलीय का, भिंतीला टेकून मातीचा ढीग किंवा कुंड्या आहेत का, बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा वर आलीय का? अर्धं उत्तर तिथेच मिळतं. आणि कारण दूर केल्यावर लगेच रंग लावू नका. भिंत वाळायला तिच्या जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना लागतो असा जुना ठोकताळा आहे. दीड फुटी भिंत म्हणजे दीड वर्ष! तेवढा काळ तिला उघडं ठेवायची लाज वाटू देऊ नका. तिच्यासमोर काहीही भरगच्च ठेवू नका, एवढंच.

सुकलेल्या भिंतीला चुन्याचाच रंग द्या. आधी भिंत पाण्याने ओलसर करायची आणि विरवलेल्या चुन्याचे दुधासारखे पातळ चार-पाच हात द्यायचे. ओला असताना तो जवळजवळ दिसतच नाही, वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट आणि पांढरा होत जातो. रंग हवा असेल तर काव, पिवळी माती अशा मातीच्या रंगांचं चुन्याशी चांगलं जमतं. वाळल्यावर छटा बरीच फिकी पडते, म्हणून आधी कोपऱ्यात नमुना लावून दोन दिवस थांबा. चुना डोळ्यांत उडला तर भाजतो, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. एक अडचण आधीच सांगून ठेवते: जिथे ऑईलपेंट किंवा प्लास्टिक पेंट आहे तिथे चुना धरत नाही, आधी तो थर काढावा लागतो.

सपाटपणाबद्दल ह्यांना एवढं सांगा की भिंतीचे उंचवटे चकचकीत रंगात उठून दिसतात आणि मंद, बिनचमकीच्या रंगात विरून जातात. दिवा भिंतीला घासून प्रकाश टाकत असेल तर प्रत्येक खळग्याची सावली पडते, तोच दिवा दोन हात पुढे आणला की भिंत शांत होते. त्यांना जी सपाटी हवीय त्यातली बरीचशी रंग आणि दिवा बदलूनच मिळेल.

फॉल्स सीलिंगला मात्र माझा सरळ विरोध आहे. कडीपाट झाकलात तर गळती, वाळवी, कुजलेलं टोक यांतलं काहीच वेळेवर दिसणार नाही. जुन्या लाकडाला वारा आणि तुमची नजर दोन्ही लागतात. तुळईची भिंतीत शिरणारी टोकं स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज आत रुतलं तर सजावट थांबवून सुताराला आणि बांधकामातल्या जाणकाराला दाखवा. खाली बारीक पिठासारखा भुसा पडत असेल तर भुंगेरे अजून आत आहेत. भिंतीवर मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी.

आता तो हिरवा ऑईलपेंट. तो खरवडून लाकूड उघडं करायची तुमची इच्छा असणार, आणि इथेच मला तुमचा हात धरावासा वाटतो. जुन्या रंगांमध्ये शिसं सर्रास असायचं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली ती १९७८ साली, आणि कितीतरी देशांत ते त्यानंतरही विकलं जात राहिलं. कोरडा पॉलिश पेपर मारला की ती धूळ घरभर बसते आणि मुलांच्या हातांवाटे पोटात जाते. शिशाची कुठलीच मात्रा मुलांसाठी सुरक्षित धरत नाहीत. म्हणून आधी रंगाचा एक टवका प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसं निघालं आणि रंग घट्ट बसलेला असला तर न खरवडता त्यावरच नवा हात द्या, तेच सुरक्षित. काढायचाच असेल तर ओला करून, खोली बंद करून, मुलांना दुसरीकडे ठेवून, माहीतगार माणसाकडूनच काढून घ्या. ज्योत लावून जाळू तर मुळीच नका.

खरं तर हिरवा कडीपाट राहिला तर काय बिघडतं, असंही मला वाटतं. १८७७ मध्ये डिझायनर आणि कवी विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी इंग्लंडमध्ये जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली. खरवडून खरवडून इमारतींना 'मूळ' रूपात आणायच्या त्या काळच्या वेडाला त्यांचा विरोध होता, इतका की तिचं टोपणनाव 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडविरोधी, असं पडलं. रोजची काळजी घ्या, वेळच्या वेळी डागडुजी करा आणि मधल्या माणसांनी जे केलं ते पुसू नका, असा त्यांचा आग्रह. तो हिरवा रंगही कुणीतरी हौसेनेच निवडला असेल. कदाचित आत्यानेच.

मी स्वतः एकदा याच्या उलट वागले. आजोळहून आलेला एक बाक पॉलिश पेपरने घासून कोरा करकरीत केला. हातांनी, पाठींनी वर्षानुवर्षं गुळगुळीत केलेली त्याची कड एका दुपारी गेली. बाक अजून आहे, पण तो आता कुठलाही बाक आहे. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून लाकडाला आधी नुसतं ओल्या फडक्याने पुसा, मग गरज वाटली तर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, पुष्कळदा तेवढंच पुरतं. पण तेलात भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते पाण्यात बुडवा, नाहीतर घराबाहेर मोकळे पसरून वाळवा.

वायरिंगबद्दल थोडक्यात: जुन्या रबरी वायरींचं आवरण ठिसूळ झालेलं असतं, तेव्हा रंगाआधी वायरमनकडून पूर्ण तपासणी करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. नव्या वायरींसाठी जुन्या भिंतींत झिऱ्या मारू नका. पाइपमधून भिंतीवरूनच नेल्या तरी नीट सरळ रेषेत गेल्या की वाईट दिसत नाहीत.

फरशांचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे आणि मला तो फार आवडला. कपाटाखालच्या आणि पलंगाखालच्या चार अखंड फरश्या हलक्या हाताने काढून फुटक्यांच्या जागी बसवा, आणि कपाटाखाली साध्या एकरंगी घाला. तुमच्या फरश्या सिमेंटच्या असतील तर नक्षीचा थर वरवरचा, काही मिलिमीटरचाच असतो. अॅसिड ओतलंत किंवा मशीनने घासून घेतल्यात तर नक्षीच जाईल. सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश, आणि घाई नाही.

अंधारी खोली. तिला उजळ करायचा सगळेच प्रयत्न करतात. पांढऱ्या रंगाचे डबे ओततात, वर लख्ख ट्यूब लावतात, आणि ती नुसती करडी दिसते. जिथे दिवसाचा प्रकाशच पोचत नाही तिथे पांढरा रंग काय परतवणार? मी तिला अंधारीच ठेवीन. काव घातलेला गडद चुना द्या, छताला एक दिवा टांगण्याऐवजी तीन-चार छोटे दिवे बसत्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा, २७०० केल्विनचे, पिवळसर उजेडाचे. ६५०० केल्विनच्या निळसर उजेडात लाकूड आणि माती मलूल दिसतात. खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतील याचा आकडा, ९० किंवा त्याहून जास्त बघून घेतलात तर रंग आपल्या मूळ रूपात दिसतील. आरसा लावायचाच तर खिडकीशी काटकोनात लावा, म्हणजे बाहेरचा उजेड आत वळेल. वाचायची, दुपारी आडवं व्हायची, पावसात एकत्र बसायची खोली करा तिची. घरात एक खोली अशी असावीच.

आता ती यादी. पितळी दिवे, नक्षीचा आरसा, झुंबर, कोरीव खुर्च्या. मी म्हणेन, तीन महिने यातलं काहीही घेऊ नका. दिवे सोडून. घरात राहायला जा आणि बघा. सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून कुठवर येतं, माणसं आपोआप कुठे टेकतात, मुलं दप्तरं कुठे टाकतात, किल्ल्या कुठे राहतात. कोनाड्यात कुणाचा हात जातो? दप्तरं जिथे पडतात तिथे खुंट्या ठोका. संध्याकाळी सगळे जिथे टेकतात तिथे बाक ठेवा. अशा जागा ओळखून केलेली मांडणी कुणाची नक्कल वाटत नाही, कारण ती तुमच्याच पायवाटांवर बसलेली असते. तीन महिन्यांनी यादी पुन्हा वाचा. मला वाटतं, आरसा उरेल आणि झुंबर जाईल. मुद्दाम जुन्यासारख्या दिसणाऱ्या नव्या वस्तू खऱ्या जुन्या भिंतीसमोर फार लवकर उघड्या पडतात. त्यापेक्षा साधं नवं फळ्यांचं कपाट प्रामाणिक दिसतं. १९६४ च्या व्हेनिस सनदेत स्मारकांच्या डागडुजीबद्दल हाच विचार आहे: नवा भाग जुन्याशी जुळावा, पण नवा आहे हे ओळखू यावं, आणि प्रत्येक काळाने घातलेल्या भरीचा मान राखावा. तुमचं घर स्मारक नाही, पण हा नियम घरालाही लागू पडतो.

आणि मला खटकलेली गोष्ट हीच. तुमच्या पत्रात आत्याचं मशीन आहे, काकांची पेटी आहे, ट्रंक आहे, विकत घ्यायच्या वस्तू आहेत. तुमची स्वतःची एकही वस्तू नाही. ह्यांची नाही, मुलांची नाही. तुम्ही आधी जिथे राहत होतात तिथल्या भिंतीवर काय होतं? तुम्ही रोज कुठल्या खुर्चीत बसत होतात? नणंदेला संग्रहालयाची भीती वाटतेय ती जुन्या वस्तूंमुळे नाही, तुम्ही त्या घरात पाहुणीसारख्या वावरताय म्हणून, असं मला वाटतं. आत्याच्या खिडकीशेजारी तुमची पुस्तकं येऊ द्या. मुलीने काढलेलं वाकडंतिकडं चित्र आत्याच्या फोटोच्या रांगेत लागू द्या. आत्यालाही ते चाललं असतं, तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

मशीनचा दिवा किंवा टेबलाचा पाया करू नका. तेल घाला, पट्टा बदला, उजेडाच्या खिडकीत ठेवा आणि त्यावर पडद्यांच्या कडा शिवा. काकांच्या पेटीतला रंधा, गुण्या, करवत यांतली जी हत्यारं घरच्या कामाला लागतील ती हाताशी टांगा, लोखंडाला पातळ तेलाचा हात देऊन. बाकीची पेटीत राहू देत. सगळंच भिंतीवर आलं की काहीच दिसत नाही.

फोटो आणि पत्रांना उजेड सोसत नाही. संग्रहालयांत कागदावरच्या नाजूक वस्तू साधारण ५० लक्स उजेडात ठेवतात, आणि तुमच्या उन्हाच्या खिडकीपाशी त्याच्या शेकडो पट उजेड असतो. त्यामुळे मूळ फोटोंच्या चांगल्या प्रती काढून त्या लावा, मूळ प्रती आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. चौकटीत फोटो काचेला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड कागदाची पट्टी, हवाच. बाहेरच्या भिंतीवर चौकट टांगताना मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला बरा पडतो, पण जिथे तुम्ही बसूनच बघणार तिथे खाली घ्या. चुन्याच्या गिलाव्यात हातोडीने खिळा ठोकलात तर टवके उडतात. छोट्या ड्रिलने, शक्यतो विटांच्या दरजेत भोक पाडा, म्हणजे उद्या बुजवताही येईल.

राहिल्या त्या रेघा. रंगाऱ्याला नाही म्हणा. रविवारी रात्रीच त्या चौकटीला खालपासून वरपर्यंत कागद लावून ठेवा, म्हणजे सोमवारच्या गडबडीत कुणाचा ब्रश फिरणार नाही. चिकटपट्टी रेघांवर येऊ देऊ नका, ती काढताना पेन्सिल उचलते. आधी दिवसाच्या उजेडात तिरक्या कोनातून त्यांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून, आणि प्रत्येक रेघेपुढे काय लिहिलंय ते वहीत उतरवून घ्या. पेन्सिल पुसट होते, आणि कुठली रेघ कुणाची हे सांगणारी माणसंही कायम नसतात. आत्याच्या मुलांना विचारून नावं आत्ताच भरून घ्या. चौकटीचा बाकीचा भाग रंगवायचा असेल तर खुशाल रंगवा, तेवढी पट्टी सोडून. आणि पेन्सिल त्याच दाराशी एका खिळ्याला दोऱ्याने बांधून ठेवा. तुमची मुलं किती वर्षांची आहेत ते पत्रात नाही, पण राहायला जाल त्या दिवशी त्यांनाही तिथे पाठ टेकवून उभं करा.

तुमची,
ताई